मंत्र नसलेल्यांचं पान

४ ऑगस्ट

बेबी,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर तू "बरी आहेस ना" विचारतेस, मी "आहे" म्हणते, आणि मग आपण दोघी पंखा दुरुस्त झाला का, गॅस किती दिवस पुरला यावर येतो. आज जे सांगायचंय ते पंख्यापाशी थांबणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात सुतारमामा आणि नर्सबाई आले होते. बाबा गेल्यापासून पाच महिने दोघांनी रविवारचं नाव काढलं नव्हतं. चहा झाल्यावर नर्सबाई म्हणाल्या, डाव अर्धा राहिलाय आणि सूत्रधाराशिवाय तो पुढे जात नाही, तर तुम्ही बसा. मला हसूच आलं. वीस वर्षं तो खेळ मी पलीकडच्या खोलीतून ऐकला. चार माणसं टेबलाभोवती बसणार, बाबा सांगणार की पुढे गुहा आहे, कुणीतरी म्हणणार मी आत जातो, आणि तो जगतो की मरतो हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. मला ती मोठ्या माणसांची भातुकली वाटायची. मी त्यांना म्हटलं, मी आयुष्यात एक फासा टाकलेला नाही. सुतारमामा म्हणाले, "वहिनी, नियमांचं पुस्तक तुम्ही शिवलंय. आमच्यातल्या एकानेही ते अख्खं वाचलेलं नाही."

हे मात्र खरं. तुझे काका त्यांच्या परक्या भाषेतल्या पुस्तकातून अर्थ सांगायचे, बाबा आपल्या भाषेत लिहून घ्यायचे. चार वर्षं चाललं होतं ते. मग तावांचा गठ्ठा माझ्याकडे आला आणि मी त्याचं पुस्तक केलं. बाइंडिंगच्या कारखान्यात जन्म गेला, पण घरासाठी बांधलेलं ते एकच.

म्हणून पुस्तक काढलं. पाठ सैल झाली होती ती बघितली आणि वाचत बसले. चार दिवस वाचलं. त्यात जे सापडलं ते तुला कळायला हवं.

अकरा वर्षांपूर्वीचा तो रविवार तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. मी दारातून बघत होते. काका उशीला टेकून बसलेले, नाकात नळी, आणि तरी फाशावर नजर. त्यांचा मांत्रिक गुहेत पडला, श्वास जायला लागला. नर्सबाईंचा तिरंदाज आधीच बेशुद्ध, सुतारमामांचा लोहार बाहेर घोड्यांपाशी. उभी होती ती फक्त तुझी पहारेकरीण, आणि तिच्या हातात परतीच्या मंत्राची, म्हणजे जाणारा जीव माघारी आणणारी, गुंडाळी. तू म्हणालीस, मी वाचते. बाबा म्हणाले, तुझ्या पात्राकडे जन्मतः मंत्रशक्ती नाही, तिला ते वाचता येणार नाही. तू म्हणालीस, काकांच्या मूळ पुस्तकात अशा माणसांना फासा टाकायची एक संधी आहे, मी वाचलंय. ते पुस्तक तेव्हा काकांच्या खोलीवर होतं. बाबांनी आपलं पुस्तक उघडलं आणि पान तुझ्यासमोर धरलं. पानावर "नाही" असंच होतं. काका हसून म्हणाले, जाऊ दे. नऊ दिवसांनी ते गेले.

मग काकांच्या सामानातलं मूळ पुस्तक उचलून तूही घर सोडून गेलीस, आणि महिन्याभराने बाबांना कार्ड आलं. "मूळ पुस्तकात संधी आहे. तुम्ही नियम बदललात." त्यांनी ते मला वाचून दाखवलं, घडी नसलेल्या कार्डाची घडी घातली आणि खिशात ठेवलं.

बेबी, बाबांनी नियम बदलला नव्हता. आपल्या प्रतीतच चूक होती. आणि तुझे बाबा पानावर असेल तसंच वागणारे. जमिनीच्या मोजणीवर जाऊन त्यांनी कुणाची रडारड ऐकून खुंटी बोटभर सरकवली नाही, ते घरी येऊन काय सरकवणार होते? तू त्यांना लबाड समजत होतीस. ते लबाड नव्हते. एवढंच सांगायचं होतं.

जेवण वेळेवर कर.

आई


२२ ऑगस्ट

बेबी,

तुझं पत्र मिळालं. अडीच ओळी का होईना, हाताने लिहिल्यास. "म्हणजे उतरवताना चुकले. ठीक आहे. पण अकरा वर्षांत एकदा तसं म्हणता आलं असतं."

हो, म्हणता आलं असतं.

आता इकडचं सांगते. मी बसले टेबलाशी. बाबांच्या खुर्चीत नाही, स्टूल घेतलं. पहिला रविवार तर नुसता शोधण्यात गेला. सुतारमामांच्या लोहाराला एका मेलेल्या सरदाराच्या बोटात अंगठी सापडली, आणि त्या अंगठीत आगीचा मंत्र कोंडलेला. नर्सबाई म्हणाल्या, याच्याकडे मंत्रशक्ती नाही, याला अंगठी काय कामाची, आमच्याकडे द्या. सुतारमामा म्हणाले, तुमच्याकडे तरी कुठे आहे शक्ती, तुम्ही बाण मारता. दोघांची चांगली जुंपली. साठीच्या पुढची माणसं, पण अंगठी दोघांनाही सोडवेना.

मी सगळं प्रकरण दोनदा वाचलं. त्यात असं आहे की वस्तूत कोंडलेला मंत्र ती वस्तूच म्हणते, घालणारा फक्त वेळ ठरवतो. म्हणजे लोहाराला अंगठी वापरता येईल. पण त्याच्याच खाली लिहिलंय की आत मंत्र किती वेळा वापरण्यापुरता उरलाय हे फक्त शक्ती असलेल्यालाच कळतं. मी सुतारमामांना म्हटलं, वापरा, पण किती उरलेत ते मी सांगणार नाही. ते म्हणाले, दादा असते तर सांगितलं असतं. मी म्हटलं, दादांच्याच अक्षरात आहे, बघा. त्यांनी बघितलं नाही. म्हणाले, "वहिनी, तुम्ही दादांपेक्षा कडक निघालात." मला ते आवडलं, तुला खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या रविवारी याहून अवघड आलं. एक दार उघडायला तीन जणांनी मिळून विधी करायचा होता. नर्सबाईंनी वाटेत भेटलेल्या दोन साधूंना तयार केलं, तिसरा कोण? सुतारमामा म्हणाले, माझा लोहार उभा राहतो. पुन्हा तोच वाद, शक्ती नसलेला माणूस मंत्रविधीत कसा चालेल. नियमात शब्द आहेत "तीन राजी माणसं". इतकंच. मी म्हटलं, लिहिणाऱ्याला शक्ती असलेली माणसं हवी असती तर त्याने तसं लिहिलं असतं, बाकी ठिकाणी लिहिलंच आहे. इथे लिहिलेलं नाही. जिथे लिहिलेलं नाही तिथे आपण आपल्या मनाचं घालायचं नाही.

लोहार उभा राहिला आणि दार उघडलं. सुतारमामांचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

पण ते मनाचं न घालण्याचं वाक्य माझ्या तोंडून निघाल्यावर मला तिथे बसवेना. उठून आत गेले आणि नुसतीच नळ सोडून उभी राहिले. नर्सबाईंना वाटलं, मला यांची आठवण आली. ती तर येतेच, ती काही उठून जाण्यासारखी गोष्ट नाही. ती असते, भांडी घासताना असते, कुलूप लावताना असते. हे वेगळं होतं.

पुढच्या वेळी दोन ओळी जास्त लिही.

आई


११ सप्टेंबर

बेबी,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलंय. हे नंतर तू दुसऱ्यांदा वाचलं नाहीस तरी चालेल, पण एकदा शेवटपर्यंत वाच.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, आपल्या प्रतीत चूक होती. चूक अशी आपोआप असत नाही. ती कुणीतरी करतं. तू धरून चाललीस की बाबांनी उतरवताना केली, आणि मी ते तसंच राहू दिलं. वरून "हो, म्हणता आलं असतं," असंही लिहिलं. मेलेल्या माणसावर माझं ओझं टाकलं आणि टपालपेटीत टाकून आले.

चूक माझी आहे. बाबांनी अक्षरही चुकीचं उतरवलेलं नव्हतं.

बाबा मोठ्या तावांना मधोमध घडी घालून लिहायचे, एका तावाची चार पानं. कोपऱ्यात पेन्सिलने आकडा असायचा, म्हणजे मला क्रम कळावा. कारखान्यात आमची पद्धत अशी की गिऱ्हाइकाच्या हातचे पेन्सिलचे आकडे शिवायच्या आधी खोडून टाकायचे, पान स्वच्छ दिसतं. गठ्ठा जुळवायचा, ठोकून सरळ करायचा, मग खोडरबर. घरच्या पुस्तकालाही मी तेच केलं. आणि आकडे खोडून झाल्यावर गठ्ठा दाबाखालून काढताना वरचे काही ताव सटकून खाली पसरले.

दुसरी कुणी असती तर बाबांना हाक मारली असती. ते शेजारच्याच खोलीत होते. मी नाही मारली. मी चौथीत शाळा सोडली हे तुला माहीत आहे. वाचायला शिकले ती कारखान्यात, फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले ताव, जुळवताना, कुठल्याही पुस्तकाचं मधलंच पान, पुढचं मागचं काही नाही. त्यातूनच मला वाचता येतं असं सगळ्यांनी मान्य केलं होतं. तेव्हा मी ठरवलं, आकडे नाहीत तर नसोत, मी वाचून लावीन.

आणि लावले. एक ताव संपत होता तो "जन्मतः मंत्रशक्ती नसलेल्या माणसांसाठी गुंडाळीचे नियम पुढीलप्रमाणे" या ओळीवर. माझ्या हातात दोन ताव होते. एक सुरू होत होता, "लिपी येत असल्यास यांना एक संधी मिळते." दुसरा सुरू होत होता, "यांना गुंडाळी हाताळता येते, वाचता येत नाही. फाशाची संधी नाही."

दुसरा ताव जनावरांच्या प्रकरणातला होता. खेचर, कुत्रा, माकड, सोबत पाळायच्या प्राण्यांचा. मी पुढची दोन वाक्यं वाचली असती तरी संशय आला असता. पण मला पहिल्याच वाक्याला पटलं. ज्यांच्याकडे जन्मतः नाही, त्यांना कोण वाचू देतं? त्यांना संधी कशी असेल? मला ते इतकं बरोबर वाटलं की मी दुसरा ताव त्या जागी ठेवला आणि माणसांचा ताव जनावरांच्या प्रकरणात शिवून टाकला. आपल्या टेबलावर कधी कुणी जनावर घेतलं नाही, त्यामुळे ते प्रकरण कुणी उघडलंच नाही.

त्याच पानावर पुढे आहे की यांनी धन्यापासून तीस पावलांच्या आत राहावं. आठवतं तुला? सुतारमामांचा लोहार, नर्सबाईंचा तिरंदाज आणि तुझी पहारेकरीण सात वर्षं काकांच्या मांत्रिकाच्या मागे तीस पावलांत चालत होते. बाबा मोजून घ्यायचे. कुणालाही प्रश्न पडला नाही. तुम्हाला वाटायचं, मांत्रिकाचं रक्षण करायचं म्हणून.

पुस्तक झालं तेव्हा बाबा येईल त्याला सांगायचे, हिने आकडे न बघता नुसतं वाचून जुळवलं. मी लाजायचे. आणि त्या रविवारी तू रडत आत आलीस तेव्हा मी तुला काय म्हणाले तेही लिहिते, कारण ते तू विसरली नसशील. "पान दाखवलं ना त्यांनी? मग झालं." पानाचा अभिमान होता मला.

आता दुसरी गोष्ट. ऑगस्टमध्ये मी पुस्तक उघडलं तेव्हा दोन्ही ताव आपापल्या योग्य जागी होते. त्यावरूनच मला कळलं. पुस्तकाची सगळी शिवण माझ्या पांढऱ्या दोऱ्याची, आणि मधे दोन ठिकाणी जाड निळी दोरी, पार्सलला मारतात तशा गाठी. माझी गाठ मी अंधारातही ओळखीन. ही माझी नव्हती. निळी दोरी म्हणजे सुतारमामांची, फळीवर रेघ मारायची.

गेल्या रविवारी नर्सबाई गेल्यावर मी पुस्तक उघडून ती दोरी सुतारमामांना दाखवली. आधी म्हणाले, आठवत नाही. मग म्हणाले, दादांनी शपथ घातली होती. मी म्हटलं, शपथ घालणारा राहिला नाही आणि पुस्तक माझ्याकडे आहे. तेव्हा सांगितलं. तुझं कार्ड आल्यावर पंधरा दिवसांत बाबा पुस्तक काखेत मारून मामांच्या कारखान्यात गेले. ताव न ताव वाचला होता म्हणे. बाकावर बसून बारीक पटाशीने शिवण उसवली, ताव बदलले आणि दाभण मागितलं. सुतारमामा म्हणाले, मी शिवतो, तर नको म्हणाले. बोटाला दोनदा टोचून घेतलं. मामांनी विचारलं, आता पोरीला कळवणार ना? त्यावर बाबा जे बोलले ते मामांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

"कळवलं तर ती विचारेल कुणी शिवलं ते. ती माझ्यावर रागावलीय ते राहू दे. आईवरही रागावली तर ती या घरात फोन कुणाला करेल?"

अकरा वर्षं, बेबी. रोज समोर बसून जेवले. मी कधीतरी म्हणायचे, पोरगी हट्टी आहे, तुम्ही पान दाखवलं होतं. ते मान हलवायचे. मी परत तेच म्हणायचे. त्यांनी एकदाही सांगितलं नाही की पान तू बिघडवलंस.

बाबा गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी आलीस, दोन तास थांबलीस, सगळे कप विसळलेस आणि निघालीस. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर सांगितलं असतं का, तेही मला सांगता येत नाही. कळल्यावरसुद्धा महिनाभर लपवलंच की.

तुला हे कळू नये म्हणून त्यांनी तोंड मिटलं होतं. मी लिहितेय म्हणजे त्यांचं सगळं वाया घालवतेय, हे मला कळतं. पण त्यांनी राग अंगावर घेतला तो मला न विचारता. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मला माझा द्या.

तेव्हा घे. तू आता फोन करणार नाहीस असंही होईल. ते धरूनच लिहिलंय.

तुझी आई


१९ ऑक्टोबर

बेबी,

पाच आठवडे झाले. मी फोन दोनदा केला, तू उचलला नाहीस. आता करणार नाही. हे पत्र उत्तरासाठी नाही, टेबलावर एक ठरलं ते तुला कळायला हवं म्हणून आहे, कारण ते तुझ्या पात्राचं आहे.

नर्सबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी आयुष्यभर दवाखान्यात माणसांना वाईट बातम्या दिल्या, त्यामुळे त्या चटकन काही बोलत नाहीत. घरी जाताना म्हणाल्या, मी पण ते पान तेव्हा बघितलं होतं हो, मला पण बरोबरच वाटलं.

सुतारमामांचं म्हणणं असं पडलं की तो डाव पुन्हा घ्यावा. नियम चुकीचा लावला गेला, तर तिथूनच परत सुरू करू, बेबीचा फासा तिच्या वतीने मी टाकतो. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. काकांचा मांत्रिक उठला तर बरं वाटेल सगळ्यांना, म्हणाले.

मी नाही म्हटलं. पहिल्याच तावावर आहे, झालेली खेळी मागे घेता येत नाही. फासा चुकून पडला, नियम चुकून लागला, काहीही असो. पुढच्या खेळीपासून बरोबर खेळायचं. मला तो नियम मोडायचा मोह झाला नाही असं समजू नकोस. पण बाबांनी एकदा न मोडल्यामुळे तू गेलीस, आणि आता मी माझी चूक झाकायला तो मोडला, तर मग ते काय उगाच मुकले का तुला? मांत्रिक मेला आहे. काका गेले आहेत. काकांना तो ताव आठवत होता की नव्हता, अर्थ तर त्यांनीच सांगितला होता, आणि तरी ते जाऊ दे का म्हणाले, हे विचारायलाही आता कुणी उरलं नाही.

तिरंदाज शुद्धीवर येऊन लोहाराबरोबर पुढच्या वाटेला लागला, पण तुझ्या पहारेकरणीच्या जागी अकरा वर्षांत कुणाला घेतलं नाही. बाबांनी तिचा कागद पुस्तकातच ठेवलाय. मीही तिला हलवलेलं नाही.

आई


९ नोव्हेंबर

बेबी,

आज दुपारी पत्र आलं. मी ते पायरीवरच उघडलं. तू दोन प्रश्न विचारलेस, बाकी एक शब्द नाही. "किती पडायला हवे होते? ती अजून तिथेच आहे का?"

मूळ पुस्तक तुझ्यापाशी आहे, म्हणजे पहिल्याचं उत्तर तुला ठाऊक असणार. पण तू मला विचारलंस, म्हणून मी आपल्या प्रतीत बघून नीट लिहिते.

पंधरा किंवा जास्त. आधी लिपी यायला हवी. तुझ्या पहारेकरणीला येत होती. काकांच्या मांत्रिकाने तिला दुसऱ्या वर्षी मुक्कामात शिकवली, बाबांनी तिच्या कागदावर तारीख घालून नोंदवलंय. शक्ती नसल्यामुळे फाशात काही वाढवून मिळत नाही, जे पडेल ते. कमी पडलं तर गुंडाळीची राख होते आणि वाचणाऱ्याचा आवाज एक दिवस जातो. संधी एकच.

म्हणजे विसातल्या सहा वेळा मांत्रिक जगला असता आणि चौदा वेळा गेलाच असता. मी हे स्वतःच्या समाधानासाठी मोजत नाही. सुतारमामा म्हणाले, बघा, बहुतेक वेळा नाहीच जमलं असतं. मी त्यांना म्हटलं, तसं म्हणू नका. हरणाऱ्या चौदातला एक पडला असता, तरी तो तिने आपल्या हाताने टाकलेला असता. काका समोर बसलेले असताना तिने एकदा प्रयत्न करून बघितला असता. ते सहाही तिचे होते आणि चौदाही. मी वीसच्या वीस काढून घेतले.

दुसरं. हो, ती अजून तिथेच आहे. गुहेत, मांत्रिकाच्या शेजारी, हातात गुंडाळी. तिची खेळी बाकी आहे. वेळेचं बंधन नाही, मी बघितलं.

माफ कर असं मी लिहिणार होते. मग वाटलं, ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. म्हणून नाही लिहीत.

आई


१ डिसेंबर

बेबी,

तुझं पत्र रविवारी टेबलावरच वाचलं. आधी मी एकटीने वाचलं, मग चष्मा पुसून मोठ्याने.

तू लिहिलंस, "पहारेकरीण गुंडाळी वाचत नाही. ती खाली ठेवते आणि मांत्रिकाला पाठीवर घेऊन बाहेर यायला निघते. मंत्र नसलेल्या माणसाला हे जमतं का, नियमात बघून कळव."

नर्सबाईंनी आपला फासा उगाच डबीत टाकला आणि परत काढला. मग म्हणाल्या, मेलेलं माणूस जड होतं, मी उचललेली आहेत, नीट बघा. सुतारमामा म्हणाले, माझा लोहार परत गुहेबाहेर येऊन घोडे धरून उभा राहील, अकरा वर्षं थांबलोय, तिला म्हणावं घाई करू नको.

मी नीट बघितलं. ओझ्याचे नियम सव्विसाव्या तावावर आहेत. या वेळी दोन्ही बाजूंचे तावही वाचले, भलत्याच प्रकरणातून तर घेत नाही ना म्हणून. मग मूळ पुस्तकात तूही एकदा ताडून बघ, मला बरं वाटेल.

मांत्रिक अंगाने बारीक होता, बाबांनी त्याचं वजन लिहून ठेवलंय. झोळी काढली तर आणखी कमी. तुझ्या पहारेकरणीच्या ताकदीत तो बसतो. पण भाला आणि तो, दोन्ही नाही झेपत. भाला तिथेच ठेवावा लागेल. नर्सबाईंचं म्हणणं, वाटेत काही आडवं आलं तर तिच्या हातात काय? मी म्हटलं, ते तिचं तिने ठरवायचं, मी माझ्या मनाचं घालणार नाही. चढणीला ती अर्ध्या वेगाने चालेल. मधे बसून दम घेता येतो, त्याला मर्यादा नाही. तीस पावलांचा नियम तिला लागू नाही. कधीच नव्हता.

या कामाला मंत्रशक्ती लागत नाही. फासाही टाकावा लागत नाही.

भाला ठेवणार असशील तर तेवढं कळव, म्हणजे रविवारी ती निघेल.

आई